मंडईच्या जागी रंगमंदिर

शहराच्या मध्यभागी असलेली जुनी मंडई ही बहुतेक नगरपालिकांना नकोशी झालेली वस्तू असते. पहाटे चारपासून चालणारा हातगाड्यांचा खडखडाट, कोबीच्या कुजलेल्या पानांचा चिखल, मासळीच्या पाण्याने निसरडे झालेले ओटे, दारात अडकून पडलेले ट्रक आणि या साऱ्यांतून वाट काढणारे गिऱ्हाईक, हे दृश्य नगररचनेच्या नकाशावर शोभत नाही. म्हणून मंडई हलविण्याचा विचार निघतो. ती हलविल्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेचे काय करावयाचे, हा पुढचा प्रश्न. तेथे दुकानांचा मजल्यांवर मजले चढविलेला इमला उभारण्याची सूचना आली तर लोक संशयाने पाहतात. कोणाचा खिसा भरणार आहे हे त्यांना न सांगताच कळते. पण त्या जागी कलाकेंद्र करू, नाट्यगृह बांधू, चित्रांचे दालन उघडू, असे कोणी म्हटले की विरोधाची भाषाच खुंटते. कलेच्या विरुद्ध कोण बोलणार? ज्या गावात धड रंगमंच नाही तेथला शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी तर अशा ठरावाचे मनापासून स्वागतच करील. अशा वेळी भाजीवाल्याची बाजू घेणारा अरसिक ठरतो.

नाट्यगृह हवे असण्यात गैर काहीच नाही. मंडईच्या जागी कला आली आणि ती तेथे खरोखर रुजली, अशी उदाहरणे जगात आहेत. त्यांत दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराच्या 'मार्केट थिएटर'चे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. १९१३ साली बांधलेल्या फळमंडईच्या इमारतीत १९७६ साली हे नाट्यगृह सुरू झाले आणि वर्णद्वेषी राजवटीच्या काळ्याकुट्ट वर्षांत त्या देशाच्या रंगभूमीचा तो कणा बनला. कलाकेंद्राचा प्रस्ताव मांडणाऱ्या कोणालाही आपल्या बाजूने सांगावा असाच हा दाखला आहे. मात्र त्या जागेच्या जमाखर्चाची वही सामान्यतः १९७६ च्या पानापासून उघडली जाते. ती १९०४ च्या पानापासून उघडली पाहिजे. आणि त्या पानावरील नावे हिंदुस्थानातून तेथे गेलेल्या माणसांची आहेत.

जोहान्सबर्ग हे सोन्याच्या शोधातून १८८६ साली उभे राहिलेले शहर. त्याच्या पश्चिम अंगाला, वीटभट्ट्यांच्या परिसरात, हिंदी लोकांची एक वसाहत होती. सरकारदरबारी आणि लोकांच्या तोंडी तिचे नाव 'कुली लोकेशन' असे होते. शिवी आणि पत्ता एकाच शब्दात उरकला होता. हिंदी माणसाला इतरत्र जमीन मिळण्याची मारामार असताना येथे मात्र नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने भूखंड मिळाले होते. वस्ती वाढत गेली, जागा वाढली नाही. शौचकूप कसेबसे साफ करण्यापलीकडे नगरपालिका तेथे काही करीत नव्हती. रस्ते नाहीत, दिवे नाहीत, सांडपाण्याची व्यवस्था नाही. पुढे या घाणीचेच कारण दाखवून ती वसाहत नाहीशी करण्याचा अधिकार नगरपालिकेने विधिमंडळाकडून मिळविला. जी अस्वच्छता आपल्या दुर्लक्षाने माजली तिलाच आपल्या अधिकाराचा पाया करावयाचा, ही युक्ती पुढे अनेक शहरांनी वापरली. तिचे इतके स्वच्छ उदाहरण मात्र क्वचितच सापडेल.

नुकसानभरपाई ठरविण्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले गेले. बहुतेक पट्टेदारांनी आपले वकीलपत्र शहरातील एका तरुण हिंदी बॅरिस्टराकडे दिले. मोहनदास करमचंद गांधी हे त्या बॅरिस्टरचे नाव. सुमारे सत्तर दाव्यांपैकी एकच दावा हरला, अशी नोंद त्यांनी आपल्या आत्मकथेत केली आहे.

येथवर ही हकीगत भूसंपादनाच्या कोणत्याही प्रकरणासारखी आहे. जमीन नगरपालिकेच्या मालकीची झाली, पण लोकांना हलविण्यासाठी दुसरी जागा तयार नव्हती. म्हणून ते तेथेच राहिले. फरक एवढाच की कालचे मालक आज नगरपालिकेचे भाडेकरू झाले. पूर्वी घर स्वतःचे होते तेव्हा निदान कायद्याच्या धाकाने तरी स्वच्छता राखली जाई. आता घर नगरपालिकेचे, आणि नगरपालिकेला धाक घालणारा कोणी नव्हता. भाडेकरूंची संख्या वाढली आणि घाणही वाढली. मार्च १९०४ मध्ये, अनेक दिवसांच्या संततधार पावसानंतर, फुफ्फुसाचा प्लेग आला.

त्याचा उगम वसाहतीत झालेला नव्हता. तो शहराजवळच्या एका सोन्याच्या खाणीत झाला. तेथे काम करणारे तेवीस हिंदी मजूर एका संध्याकाळी ताप घेऊन लोकेशनमध्ये परतले. 'इंडियन ओपिनियन' या पत्राचे मदनजीत त्या वेळी वर्गणीदार मिळविण्यासाठी तेथे फिरत होते. त्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रुग्णांना आत ठेवले आणि गांधींना पेन्सिलीने चिठ्ठी लिहून पाठविली. गांधी, डॉ. विल्यम गॉडफ्रे आणि गांधींच्या कचेरीतील चार तरुण यांनी ती रात्र रुग्णांच्या उशाशी काढली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने एक रिकामे गोदाम दिले, परंतु ते साफ करून देण्याची जबाबदारी घेतली नाही. ते काम कार्यकर्त्यांनीच केले. नगरपालिकेने धाडलेली परिचारिका स्वतःच या रोगाला बळी पडली. त्या गोदामात वीस रुग्ण दगावले.

मग मात्र नगरपालिकेचे हात विलक्षण वेगाने हलू लागले. वसाहतीला पहारा बसला. सर्व लोकांना शहरापासून तेरा मैलांवरील क्लिपस्प्रुट येथे तंबूंत नेण्याचे ठरले. बँकेवर विश्वास नसलेल्या या माणसांनी आपली तांब्याचांदीची नाणी जमिनीत पुरून ठेवली होती. ती उकरून काढून त्यांनी गांधींच्या स्वाधीन केली. गांधींच्या आठवणीप्रमाणे ही रक्कम साठ हजार पौंडांच्या घरात गेली. बँकेने ती नाणी जंतुनाशकाने धुऊन मगच घेतली. लोक बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी सबंध लोकेशन पेटवून देण्यात आले. त्याच सुमारास, मंडईत काही मेलेले उंदीर सापडले म्हणून, नगरपालिकेने तेथील आपले सारे लाकूडसामानही जाळले आणि दहा हजार पौंडांचे नुकसान सोसले. स्वतःचे लाकूड जाळताना तिने हात आखडला नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. वसाहतीच्या स्वच्छतेवर याच्या दहाव्या हिश्शाने खर्च वेळेवर झाला असता तर काय घडले असते, हा हिशेब कोणी मांडला नाही.

जळालेल्या भागाची नव्याने आखणी झाली. त्याला नवे नाव मिळाले : न्यूटाउन. हिंदी लोक यथावकाश शहराच्या इतर भागांत परतले. लोकेशनमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांना मात्र परतण्याची वाट राहिली नाही. शहराचे मैलापाणी जेथे सोडले जाई त्या शेतजमिनीच्या शेजारी, क्लिपस्प्रुटलाच, त्यांची कायमची वस्ती झाली. १९३४ साली तिचे नाव पिमव्हिल असे बदलले. नैर्ऋत्येकडे पसरत गेलेल्या ज्या अफाट आफ्रिकी वस्तीला पुढे सोवेटो म्हणू लागले, तिचा हा पहिला तुकडा. न्यूटाउन आणि सोवेटो ही एकाच आगीची दोन अपत्ये आहेत, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

या न्यूटाउनमध्ये १९१३ साली शहराची नवी मंडई उभी राहिली आणि तिच्याबरोबर हिंदी व्यापाऱ्यांची फळमंडईही. त्याच १९१३ साली गांधींच्या नेतृत्वाखाली नाताळमधील हिंदी मजूर ट्रान्सवालची हद्द ओलांडून चालत निघाले होते, आणि त्याच वर्षी आफ्रिकी लोकांचा जमीन घेण्याचा हक्क आक्रसणारा कायदाही झाला. राज्यकर्त्यांना हिंदी माणसाचा संत्र्यांचा व्यापार चालत होता. त्याचा शेजार चालत नव्हता.

मंडईपुढे एक विस्तीर्ण चौक होता. बैलगाड्या तेथे सुटत आणि सभाही तेथेच भरत. १९११ च्या ट्रामसंपात याच भागात मेरी फिट्झगेराल्ड नावाची कामगार पुढारी गाजली. घोडेस्वार पोलिसांच्या हातून पडलेले कुदळीचे दांडे उचलून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते वापरले, म्हणून तिला 'पिकहँडल मेरी' हे टोपणनाव पडले. पुढे ती जोहान्सबर्गच्या नगरपालिकेवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. १९३९ मध्ये मंडईच्या चौकाला तिचे नाव देण्यात आले. मंडई आणि चळवळ यांचे हे नाते सार्वत्रिक आहे. पुण्याच्या मंडईला पुणेकर कौतुकाने 'मंडई विद्यापीठ' म्हणत आले, ते उगाच नाही. ज्या जागी सर्व जातींच्या, सर्व थरांच्या माणसांना रोज यावेच लागते, तेथे बोलणे होते, भांडण होते, बातमी पसरते. कलाकेंद्राचा आराखडा करणारे जिला रिकामी, संस्कृतिहीन जागा समजतात, ती बहुधा शहरातील सर्वांत बोलकी जागा असते.

साठ वर्षांनंतर ही मंडई शहराला अपुरी पडू लागली. मोठे ट्रक, शीतगृहे आणि वाढलेली लोकसंख्या यांच्यापुढे जगातील बहुतेक मध्यवर्ती घाऊक बाजार त्याच सुमारास हरले. पॅरिसचा प्रसिद्ध 'ले आल' बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजिसला गेला. लंडनचा कॉव्हेंट गार्डन १९७४ च्या नोव्हेंबरात नाइन एल्म्सला गेला. जोहान्सबर्गचा बाजारही १९७४ मध्येच सिटी डीप या भागात हलला. मोकळ्या झालेल्या जागांचे नशीब वेगवेगळे निघाले. पॅरिसमध्ये बाल्तारने एकोणिसाव्या शतकात बांधलेले लोखंड आणि काचेचे देखणे मंडप १९७१ पासून पाडण्यात आले. त्या जागी कित्येक वर्षे एक प्रचंड खड्डा होता आणि अखेर १९७९ मध्ये त्यात जमिनीखालचे दुकानसंकुल उघडले. लंडनमध्ये परिसरातील रहिवाशांनी चिवट लढा दिला, म्हणून जुनी इमारत वाचली. १९८० मध्ये ती पुन्हा उघडली ती हौशी खरेदीची, उपाहारगृहांची आणि रस्त्यावरच्या करमणुकीची जागा म्हणून. तेथे आज माणसांची रीघ असते. किलोभर बटाटे घेण्यासाठी मात्र कोणी जात नाही.

जोहान्सबर्गमध्ये निराळे घडले, आणि ते नगरपालिकेच्या दूरदृष्टीने घडले असे म्हणवत नाही. बार्नी सायमन हे दिग्दर्शक आणि मॅनी मॅनिम हे सरकारी अनुदानावरील नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेले निर्माते. या दोघांनी १९७४ मध्ये 'द कंपनी' नावाची नाटकमंडळी काढली होती. त्यांना सरकारची मदत नको होती, कारण मदतीबरोबर अटी येत. त्यांना हवी होती ती चार भिंती आणि वर छप्पर असलेली जागा. हिंदी फळमंडईची रिकामी इमारत त्यांनी नगरपालिकेकडून भाड्याने घेतली. खासगी देणग्या गोळा केल्या आणि मंडईचा लोखंडी सांगाडा तसाच ठेवून आत रंगमंच आणि खुर्च्या बसविल्या. नाव ठेवतानाही त्यांनी राजा-राणीचे किंवा देणगीदाराचे नाव शोधले नाही. मंडईत आहे म्हणून 'मार्केट थिएटर', इतकेच.

उद्घाटनाचा मुहूर्त त्यांच्या हातात राहिला नाही. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ जूनला, मार्केट थिएटरात चेखोव्हच्या 'सी-गल'चा प्रयोग झाला. शहराच्या क्षितिजावर धूर असताना एका रशियन जमीनदार घरातील दुःखाचे नाटक करणे हे अनेकांना विसंगत वाटले असेल. पण प्रेक्षागृहात जे चालले होते ते विसंगत नव्हते. १९६५ च्या सरकारी फर्मानाने निरनिराळ्या वर्णांच्या लोकांनी एका नाट्यगृहात एकत्र बसण्यास मनाई केली होती. मार्केट थिएटरने आपली दारे सर्वांना उघडी ठेवली. बहात्तर वर्षांपूर्वी ज्या भागातून आफ्रिकी आणि हिंदी माणसे पहाऱ्यात बाहेर काढली गेली, त्याच भागात ती आता तिकीट काढून गोऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू शकत होती.

येथे थांबून या नाट्यगृहाचा जयजयकार करावा, असा मोह होतो. पण त्याच वर्षांत, न्यूटाउनपासून हाकेच्या अंतरावर, पेजव्ह्यू नावाच्या हिंदी वस्तीत काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. तेथील चौदावा रस्ता कापडाच्या दुकानांसाठी आणि शिंप्यांसाठी साऱ्या शहरात प्रसिद्ध होता. गोरे, काळे, हिंदी असे सारे गिऱ्हाईक तेथे घासाघीस करीत. वर्णवार वस्त्यांच्या कायद्याखाली हा भाग गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला. १९७० च्या दशकाच्या मध्यास येथील दुकानदारांना उठवून जवळच्या फोर्ड्सबर्गमधील 'ओरिएंटल प्लाझा' या नव्या संकुलात गाळे घ्यावयास लावले गेले. दुकान खाली आणि घर वर, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था मोडली. घरासाठी त्यांना तीसएक किलोमीटर दूर लेनेशियाला जावे लागले. कित्येकांनी शेवटपर्यंत विरोध केला. एका हाताने रिकामी मंडई कलावंतांना भाड्याने देणारी आणि दुसऱ्या हाताने भरला बाजार रिकामा करणारी राजवट एकच होती. यात मार्केट थिएटरच्या मंडळींचा काही दोष नाही. तथापि एखाद्या शहरात कलेला जागा मिळाली म्हणजे ते शहर उदार झाले, हा निष्कर्ष किती भाबडा ठरू शकतो, याचा एवढा जवळचा पुरावा दुसरा नसेल.

मार्केट थिएटरचे मोठेपण असे की त्याने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. १९८१ साली तेथे आलेले 'वोझा अल्बर्ट' हे नाटक पर्सी म्त्वा, म्बोंगेनी न्गेमा आणि बार्नी सायमन यांनी मिळून रचले. रंगमंचावर दोनच नट आणि सामान म्हणजे काही खोकी. येशू ख्रिस्त वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत अवतरला तर काय होईल, हा त्याचा विषय. सरकार आधी त्याचे स्वागत करते आणि मग त्याला तुरुंगात घालते. या दोन नटांनी उभी केलेली माणसे कोण? रस्त्यावर बसून केस कापणारा न्हावी, मांस विकणारा फेरीवाला, कोळसेवाला, कचऱ्यात अन्न शोधणारी म्हातारी, वीटभट्टीवरचे मजूर. मंडईतून हलविली गेलेली आणि परवान्यावाचून पळविली जाणारी सारी माणसे नाटकाच्या रूपाने मंडईत परत आली. १९८६ मध्ये जंक्शन अॅव्हेन्यू या नाटकमंडळीने 'सोफियाटाउन' हे नाटक येथेच सादर केले. १९५५ पासून बुलडोझर लावून उद्ध्वस्त केलेल्या एका मिश्र वस्तीची ती कहाणी होती. उठविलेल्या माणसांविषयीचे नाटक, एके काळी माणसे उठवून मोकळ्या केलेल्या भागात, असा हा योग होता.

टीकाकारांनी तेव्हाही विचारले होते की खुर्च्यांवर बसणारे बहुसंख्य गोरे उदारमतवादीच ना? सोवेटोतील माणसाने रात्री नाटक पाहून पासाच्या कायद्यातून आणि अपुऱ्या वाहनांतून घरी कसे जावे? प्रश्न रास्त होता. नाट्यगृहाचा दरवाजा उघडा असणे आणि त्या दरवाजापर्यंत पोचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाजी घ्यायला ज्याला यावेच लागते त्याला मंडईचे आमंत्रण लागत नाही. नाट्यगृहाला त्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. ते कष्ट या संस्थेने काही अंशी घेतले. १९८९ मध्ये छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लाट यांच्या पुढाकाराने तिच्या आश्रयाखाली छायाचित्रणाचे वर्ग निघाले, नव्या नटांसाठी प्रयोगशाळा निघाली, आणि वस्त्यांमधील मुलांना हातात कॅमेरा मिळाला.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर शहराच्या नव्या कारभाऱ्यांनी न्यूटाउनला सबंध 'सांस्कृतिक परिसर' बनविण्याचे मनावर घेतले. १९९४ मध्ये जुन्या मंडईच्या मुख्य इमारतीत आफ्रिकेचे संग्रहालय उघडले. २००३ मध्ये रेल्वेच्या रुळांवरून न्यूटाउनला येणारा नेल्सन मंडेला पूल बांधला गेला. आणि २०१४ मध्ये, मंडईची बटाट्याची गोदामे जेथे होती त्या भागात, एक मोठे दुकानसंकुल उघडले. पॅरिस आणि लंडन जेथे पोचली तेथे जोहान्सबर्गही सुमारे पस्तीस वर्षे उशिरा पोचले, एवढाच याचा अर्थ. संस्कृतीच्या नावाने जागेची किंमत वाढते आणि वाढलेली किंमत वसूल करण्यास दुकानदार येतो. हा दुकानदार जुन्या मंडईतला नसतो. मार्केट थिएटर आजही चालू आहे. मंडईतली इतर कोणतीही वस्तू त्याच्याइतकी टिकली नाही.

महाराष्ट्रातील नगरपालिकांनी यातून काय घ्यावे, हा विचार करताना घरचेच एक उदाहरण समोर येते. पुण्याची मंडई १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरणारा उघडा बाजार त्या दगडी इमारतीत आणला गेला. इमारतीच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी होती. ही मंडई बांधण्यास जोतीराव फुले यांचा कडवा विरोध होता. नगरपालिकेचे लाखो रुपये या भव्य इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नाव देताना विरोधाची आठवण कोणाला राहिली असो वा नसो, फुल्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही : हा खर्च कोणासाठी, आणि ज्यांच्या कराच्या पैशातून तो होतो त्यांतील किती जण त्या इमारतीच्या आत जाणार? तो मंडईला लागू होता तसाच नाट्यगृहालाही लागू आहे.

घाऊक बाजार आणि किरकोळ मंडई यांतील भेदही ठरावांच्या भाषेत नेहमी पुसला जातो. घाऊक व्यापार शहराबाहेर जाणे बहुधा अटळ असते आणि इष्टही असते. पुण्यातही तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, पण किरकोळ भाजीवाले जुन्या मंडईत राहिले आणि इमारतीचा प्राण टिकला. जोहान्सबर्गमध्ये कलावंत आले ते व्यापार आपल्या कारणाने निघून गेल्यावर आलेले होते. भरल्या मंडईतून माणसे उठवून तेथे कलाकेंद्र करणे ही वेगळीच कृती आहे, मग तिला नाव काहीही द्या. कायद्यानेही आता हा भेद मानला आहे. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात, पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे तत्त्व घातलेले आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हटवू नये, हेही त्यात आहे. हा कायदा रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी आहे, मंडईच्या आतील गाळेधारकांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु मंडईच्या भिंतीबाहेर पाटी घेऊन बसणारी बाई त्यात निश्चितपणे येते, आणि मंडई हलविताना सर्वांत आधी विसर पडतो तो तिचाच.

म्हणून असा ठराव सभागृहापुढे येईल तेव्हा त्याच्याबरोबर काही कागद मागितले पाहिजेत. मंडईत आणि मंडईभोवती बसणाऱ्यांची नावनिशीवार यादी. त्यांना द्यावयाची जागा कोठे आहे आणि ती आज तयार आहे की नाही. घराजवळची मंडई गेल्यावर परिसरातील कुटुंबांनी भाजी कोठून आणावी, याचा खुलासा. नव्या नाट्यगृहाचे भाडे हौशी मंडळींना आणि शाळांना परवडेल काय. आणि दहा वर्षांनी गळके छप्पर आणि बंद पडलेले पंखे दुरुस्त करण्याची तरतूद कोणत्या खात्यावर पडणार. नाट्यगृहे बांधताना नगरपालिकांचा उत्साह दांडगा असतो. ती राखताना तो कोठे जातो हे प्रत्येक जिल्ह्याच्या गावातील नाटकवाल्याला ठाऊक आहे. यांतील एखादा कागद नसेल तर ठराव पुढील सभेवर ढकलता येतो. जोहान्सबर्गच्या नगरपालिकेने १९०४ च्या आधी कुली लोकेशनची जमीन ताब्यात घेतली, तेव्हा तिच्याजवळ नेमका दुसरा कागद नव्हता.